वारीचे फोटो ब्लॅक अँड व्हाइट करायला कुठलं प्लगइन घ्यावं?

पायवाट:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस इथे नुसती वाचतेय, आज पहिल्यांदाच काही विचारतेय. गेली तीन वर्षं माउलींच्या पालखीबरोबर पुण्यातून निघून सासवडपर्यंत चालते. यंदा मात्र पुढे तरडगावपर्यंत गेले कारण चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण एकदा तरी बघायचंच होतं. तिन्ही वर्षांचे मिळून भरपूर फोटो साठलेत आणि आमच्या गावच्या वाचनालयाने त्यातले १२ लावायला भिंत दिलीय, साइज १२ बाय १८ इंच. मी ठरवलंय की सगळे ब्लॅक अँड व्हाइटच लावायचे. रंगीत वारी प्रत्येकाच्या फोनमधे आहेच, मला माणसांचे चेहरे, सुरकुत्या, टाळ धरलेले हात हे दाखवायचंय.

आता अडचण. मी फोटो एडिट करायला लाइटरूम वापरते, त्यात ब्लॅक अँड व्हाइट केलं की फोटो करडा होऊन मरतो. सगळ्यात आवडता फोटो दिवे घाटातला आहे, एक आजोबा खांद्यावर पताका घेऊन चढतायत, मागे पावसाचा काळा ढग आणि त्यावर ती भगवी पताका नुसती पेटल्यासारखी दिसते. रंग काढला की पताका गायब, ढगात विरघळून जाते. मग ऑरेंजचा स्लायडर वर नेला तर पताका उजळते पण आजोबांचा चेहरापण पावडर लावल्यासारखा पांढराफटक होतो, आणि खाली नेला तर दोन्ही काळे. दोन रात्री हेच करत बसलेय.

एक मैत्रीण म्हणते सिल्व्हर इफेक्स (लाइटरूमला जोडायचं ब्लॅक अँड व्हाइटचं प्लगइन) घे आणि मोकळी हो, भाऊ म्हणतो प्लगइन म्हणजे पैसे वाया, लाइटरूममधे सगळं आहे. दर महिन्याला अजून एक हप्ता मला नकोय, एकदाच पैसे भरायचे असतील तर चालेल. कॅमेरा २४ मेगापिक्सेल, शेवटची दोन वर्षं रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढलेत, पहिल्या वर्षीचे फक्त जेपेग. लॅपटॉप ८ जीबी रॅमचा. ज्यांनी खरंच वापरलंय त्यांनी सांगा प्लीज.

घाटमाथा:
पायवाट ताई, आधी पताका का गायब होते ते बघू, म्हणजे प्लगइनकडून नक्की काय हवंय ते कळेल. नैतर माणूस प्रीसेटची चित्रं बघून विकत घेतो आणि महिन्याने तिथेच अडकतो.

साधं ग्रेस्केल करताना लाल, हिरवा, निळा सारखे मोजत नाहीत, आपल्या डोळ्याला हिरवा जास्त उजळ दिसतो म्हणून त्याला जास्त वजन. जुनं प्रचलित सूत्र म्हणजे लाल ०.२९९, हिरवा ०.५८७, निळा ०.११४. आता समजा पताकेचा रंग लाल २५५, हिरवा १२०, निळा ० असा आहे. गुणून बेरीज केली की येतात साधारण १४७. ढग समजा १४५, १५०, १५५ असा किंचित निळसर करडा, त्याचे येतात १४९. म्हणजे जे रंगात आग आणि राख इतकं वेगळं होतं ते करड्यात फक्त २ पायऱ्यांच्या अंतरावर आलं. लाइटरूम स्वतःचं मिक्स लावतं त्यामुळे आकडे जरा इकडेतिकडे होतील पण दुखणं हेच.

पुढची गोष्ट जास्त महत्त्वाची आहे आणि ती फारशी कुणी सांगत नाही. ढगाला रंगच नाहीये. निळं आकाश असतं तर ब्लूचा स्लायडर खाली ओढून ते काळं करता आलं असतं, ऑक्टोबरातल्या फोटोंना ते मस्त जमतं. आषाढातला ढग करडा, त्याच्यावर रंगाचा कुठलाच स्लायडर धड चालत नाही, मग तो लाइटरूमचा असो की हजारो रुपयांच्या प्लगइनचा. पांढरं धोतर, पांढरा सदरा, मागे पांढरट आकाश याचंही तेच, तिथे फक्त उजेड-अंधाराने खेळावं लागतं, ब्रश घेऊन हाताने थोडं उजळ थोडं काळं.

म्हणजे तुमच्या फोटोत हलू शकते फक्त पताका, आणि पताकेच्या बरोबर चेहरा हलतो कारण आपल्याकडची गव्हाळ-सावळी कातडी मुळात फिकट मळका ऑरेंजच असते. रंगाची जात तीच, फक्त पताकेत तो गच्च भरलेला आणि चेहऱ्यात विरळ. म्हणून 'कुठलं प्लगइन चांगलं' हे विचारण्यापेक्षा 'पताका आणि चेहरा वेगळे धरायला मला कुठे सोपं जाईल' हे विचारा. फिल्मचे प्रीसेट, फ्रेमा, सेपिया हे सगळं नंतर.

लाइटरूममधे हे होतं. २०२१ च्या शेवटी मास्किंग (फोटोचा हवा तेवढाच भाग धरणं) नवीन आलं तेव्हापासून तर बरंच सोपं झालंय. फोटो रंगीत असतानाच कलर रेंज मास्क घ्या, पताकेवर क्लिक करा, चेहरा त्यात आला तर ब्रशने वजा करा, आणि मग ब्लॅक अँड व्हाइट करा. मास्क तसाच राहतो, त्याचं एक्स्पोजर वर न्या. चेहऱ्याला हात लागत नाही. आधी एवढं करून बघा आणि मग खिशात हात घाला.

अजून एक, दिवे घाटातलं हिरवं गवत उजळायला ग्रीन स्लायडर ओढत बसू नका, गवताचा बराचसा रंग यलोमधे असतो. यलो हलवला की डोंगर हलतो.

करडी_छटा:
घाटमाथा यांचं गणित पटलं, पण मी दहाएक वर्षं सिल्व्हर इफेक्स वापरतेय त्यामुळे त्याची बाजू मांडते.

आधी थोडा इतिहास कारण नेटवर त्याबद्दल फार गोंधळ आहे. हे निक सॉफ्टवेअरचं. २०१२ मधे गूगलने निक विकत घेतली, मार्च २०१६ मधे अख्खं कलेक्शन फुकट केलं, आणि २०१७ मधे सांगून टाकलं की आता पुढे अपडेट नाहीत. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे डीएक्सओ कंपनीने ते घेतलं आणि २०१८ पासून ते परत विकत मिळतं, एकदाच पैसे, हप्ता नाही. त्यामुळे कुणी 'माझ्याकडे फुकटवालं आहे, पाठवतो' म्हणालं तर ते गूगलच्या काळातलं जुनं. आजच्या मशीनवर त्याच्या भरवशावर प्रदर्शनाचं काम काढू नका.

त्यात मला जे आवडतं ते कंट्रोल पॉइंट. पताकेवर एक ठिपका ठेवायचा, गोल लहानमोठा करायचा, तो त्या ठिपक्याखालचा रंग आणि उजेड बघून गोलातलं तसंच दिसणारं उचलतो. मग ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, स्ट्रक्चर (बारकावे उठवणं) तेवढ्यापुरतं. चेहऱ्यावर दुसरा ठिपका ठेवून त्याला काहीच करायचं नाही, तो पहिल्याला अडवून धरतो. ब्रशने कडा रंगवत बसायला लागत नाही. पालखीच्या गर्दीत जिथे वीस पताका आणि चाळीस चेहरे आहेत तिथे हा फरक खूप जाणवतो, आणि हे सगळं तुम्ही करड्या फोटोकडे बघत करता, रंगीतकडे नाही, त्यामुळे नजर बसते.

दुसरं म्हणजे खालच्या हिस्टोग्रामवर (फोटोत काळं-पांढरं किती ते दाखवणारा आलेख) अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सच्या झोन सिस्टिमसारख्या शून्य ते दहा अशा पायऱ्या असतात, त्यावर माउस नेला की फोटोतला तेवढा भाग पट्टे मारून दाखवतो. धोतराच्या घड्या कुठे नवव्या-दहाव्या पायरीत जाऊन कोऱ्या झाल्यात ते लगेच कळतं. प्रिंट करायची असेल तर हे फार कामाचं आहे.

काळजी एकच घ्या, स्ट्रक्चर. तो स्लायडर नवीन माणसाला भूल पाडतो. टाळावर, पखवाजाच्या वादीवर, ओल्या रस्त्यावर छान दिसतो, पण म्हाताऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर जरा जास्त झाला की कातडी मळकी आणि आजारी दिसायला लागते आणि डोक्याभोवती पांढरी कड उमटते. मी पहिल्या वर्षी केलेले माझे सगळे फोटो त्यापायी परत केले. चेहऱ्यावर ठिपका ठेवून स्ट्रक्चर उलट थोडं खाली न्यावं असं माझं आता मत झालंय.

काही दिवसांची फुकट ट्रायल मिळते, पूर्ण चालते. १२ फोटो तर त्यातच होतील तुमचे. मग आवडलं तर घ्या.

पायवाट:
बापरे, किती सविस्तर. दोघांचे मनापासून आभार. ढगाला रंगच नाही हे वाचून एकदम डोक्यात उजेड पडला, मी दोन रात्री ब्लूचा स्लायडर इकडून तिकडे करत होते आणि काहीच का होत नाही म्हणून लॅपटॉप रीस्टार्ट केला.

दोन शंका. लाइटरूममधून प्लगइनमधे गेलं की मूळ रॉ राहतं का? आणि पहिल्या वर्षीचे जेपेग आहेत त्यांचं काय? त्यात एका मावशींचा फोटो आहे, डोक्यावर तुळशीवृंदावन, कपाळावर ठसठशीत कुंकू, तो मला लावायचाच आहे आणि त्यात कुंकूच दिसत नाहीये.

मुक्तस्रोत:
ताई, मूळ रॉ तसंच राहतं, प्लगइनला त्याची कॉपी जाते टिफ नावाची मोठी फाइल बनून. आणि ती टिफ १६ बिटचीच पाठवा, सेटिंगमधे बघून घ्या, ८ बिटमधे आकाश जरा ताणलं की पट्टे पडतात आणि ढगांच्या फोटोत ते प्रिंटवर हमखास दिसतात. फक्त फाइल किती होते ते लक्षात घ्या, २४ मेगापिक्सेल गुणिले तीन रंग गुणिले दोन बाइट म्हणजे न दाबलेली टिफ १४४ एमबीच्या घरात जाते, एका फोटोला. ८ जीबी रॅमवर एका वेळी एकच उघडा आणि ब्राउझर बंद ठेवा.

जेपेगचं असं की एकतर ८ बिट, आणि बऱ्याच जेपेगमधे रंगाची माहिती उजेडापेक्षा कमी बारकाईने साठवलेली असते. साध्या डोळ्यांना रंगीत फोटोत कळत नाही, पण रंगाचा स्लायडर टोकाला नेला की चौकोन चौकोन दिसायला लागतात, कडा कुरतडल्यासारख्या होतात. म्हणून जेपेगवर सगळं हळू हाताने.

आता माझं म्हणणं. पैसे खर्च करायच्या आधी डार्कटेबल एकदा बघाच, पूर्ण फुकट, विंडोजवर मॅकवर लिनक्सवर सगळीकडे चालतं. त्यात कलर कॅलिब्रेशन नावाचं मोड्यूल आहे, त्यात ग्रे नावाचा टॅब, तिथे लाल-हिरवा-निळा किती घ्यायचा ते तुम्ही ठरवायचं. तयार प्रीसेटपण आहेत, इलफर्डच्या एचपी५, एफपी४, डेल्टा आणि फुजीची अ‍ॅक्रॉस कशा बघायच्या त्यावरून केलेले. आणि खरा फायदा पॅरामेट्रिक मास्कचा. घाटमाथा म्हणाले ना की पताका आणि चेहरा एकाच जातीचे, फक्त एक गच्च आणि एक विरळ, तर इथे नेमकं तेच धरता येतं, रंग ऑरेंज आणि गच्चपणा अमुक एकाच्या वर असेल तेवढंच उचल असं सांगता येतं. चेहरा आपोआप बाहेर. मी आमच्या गावच्या जत्रेतल्या भंडाऱ्याच्या फोटोंना असंच केलं, हवेत उधळलेला पिवळा भंडारा धरायला ब्रशने शक्यच नव्हतं, धुरासारखा असतो तो, कडा कुठून आणणार.

शिकायला मात्र वेळ लागतो हे खरं सांगतो. मला दोन महिने लागले हात बसायला. तुमचं प्रदर्शन कधी आहे त्यावर ठरवा. रॉथेरपीमधेही ब्लॅक अँड व्हाइटचं वेगळं टूल आहे चॅनल मिक्सरसकट, आणि जिम्प वापरत असाल तर जीमिक नावाचं फुकट प्लगइन टाका, त्यात जुन्या फिल्मसारखे लुक बरेच आहेत. पण तुमचं दुखणं मास्कचं आहे, लुकचं नाही, म्हणून डार्कटेबल म्हणतोय.

जुना_रोल:
पायवाट, तुझ्या मावशींचं कुंकू मी सांगतो. वय झालंय म्हणून अरेतुरे करतो, राग मानू नकोस.

तू बहुतेक चेहरा उजळायला रेड आणि ऑरेंज वर नेलेस, किंवा रेड फिल्टरचा प्रीसेट लावलास. लाल फिल्टरमधून लाल वस्तू पांढरी दिसते. मावशींची कातडी उजळली आणि कुंकूही त्याच उजेडाला आलं, म्हणून पुसल्यासारखं झालं. ओठांचंही तेच होतं. आम्ही फिल्मवर काढायचो तेव्हा लेन्सवर फिल्टर चढवायचो, पिवळा, नारिंगी, लाल, हिरवा. पिवळ्याला साधारण १ स्टॉप (म्हणजे निम्मा उजेड) जायचा, लालला ३, म्हणजे पावसाळी उजेडात लाल लावलात तर शटर इतकं हळू की चालणारा वारकरी हललेलाच येणार. बायामाणसांचे चेहरे काढताना माझ्याकडे हलका हिरवा असायचा. हिरव्याने कुंकू काळं ठसठशीत येतं, ओठ दिसतात, कातडीला भरीवपणा येतो.

घरात भिंतीवर आजी-पणजीचा जुना स्टुडिओतला फोटो असेल तर जाऊन बघ. कुंकू अगदी काजळासारखं काळं असतं. त्या वेळच्या बऱ्याच प्लेटा ऑर्थो होत्या, त्यांना लाल दिसायचंच नाही, म्हणून तर त्या डार्करूममधे लाल दिव्याखाली धुता यायच्या. लाल दिसत नाही म्हणजे फोटोत लाल ते काळं. आपल्या डोळ्यात 'जुना फोटो' म्हणून जे बसलंय त्यात ही कुंकवाची काळी टिकली आहे. पुढे पॅनक्रोमॅटिक फिल्म आली तिला सगळे रंग दिसतात, मी वापरलेली उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सची इंदू असो की परदेशातून कुणी आणलेली ट्राय-एक्स, तिच्यावर कुंकू करडं यायचं आणि मग फिल्टर लावावा लागायचा.

म्हणून तुझ्या फोटोत रेड खाली ने, पुरेसा, आणि त्याने चेहरा काळवंडला तर ऑरेंज आणि यलोने थोडा परत वर आण. सावळ्या चेहऱ्यात ऑरेंज जास्त असतो, कुंकवात रेड, त्यामुळे दोघं वेगळे होतात. सिल्व्हर इफेक्समधे कलर फिल्टरमधे हिरवा निवडलास तरी तेच. जेपेग आहे म्हणून टोकाला जाऊ नकोस हे वर सांगितलंच आहे.

आणि एक. बुक्का आणि गोपीचंदन. कपाळावरचा काळा बुक्का कुठल्याही फिल्टरने काळाच राहतो, गोपीचंदन फिकट पिवळट असतं ते यलो वर नेलास की उठून येतं. काळ्या बुक्क्याशेजारी ते उजळ ओढलेलं गंध, ब्लॅक अँड व्हाइटमधे वारकऱ्याचा चेहरा तिथेच उभा राहतो. ते कपाळ सांभाळ, बाकी कपडे वगैरे थोडे इकडेतिकडे झाले तर चालतं.

चेहरा पांढरा करायच्या मागे मात्र लागू नकोस एवढं कळकळीने सांगतो. तयार प्रीसेट लावले की आपली माणसं एकतर कोळशासारखी होतात नाहीतर पिठात घोळल्यासारखी. उन्हात पंधरा दिवस चाललेला माणूस आहे, त्याची कातडी रापलेली आहे, ती तशी दिसू दे.

ठिपका:
काकांचा प्रतिसाद वाचून पणजीचा फोटो काढून बघितला, खरंच कुंकू काळं कुळकुळीत आहे! इतकी वर्षं मला वाटायचं तो फोटो नंतर रंगवलाय.

ताई, शिकायला फोनवर स्नॅपसीड आहे की, तेही मूळ निकवाल्यांचंच आणि फुकट. त्यात ब्लॅक अँड व्हाइटमधे रंगाचे फिल्टर निवडता येतात, लाल हिरवा असं बोटाने बदलून बघा, कुंकू कसं येतं-जातं ते लगेच दिसतं. प्रिंटसाठी नाही म्हणत, नजर तयार करायला.

घाटमाथा:
जुना_रोल काका, हिरव्या फिल्टरचं अगदी बरोबर. त्यालाच जोडून एक युक्ती, फोटोशॉप वापरत असाल तरच.

फोटोशॉपच्या ब्लॅक अँड व्हाइट लेयरला सहाच स्लायडर आहेत, रेड यलो ग्रीन सायन ब्लू मजेंटा, ऑरेंज नाहीच, त्यामुळे पताका-चेहरा अजूनच गुंततात. तर त्या लेयरच्या खाली एक ह्यू-सॅच्युरेशनचा लेयर टाका, मास्कने फक्त पताका धरा आणि तिचा रंग सरळ मजेंटा करून टाका. फोटोत दुसरं कुठे मजेंटा नसेल तर आता मजेंटाचा स्लायडर म्हणजे खास पताकेचा स्लायडर. शेवटी सगळं करडंच होणार असल्याने खाली पताका गुलाबी आहे हे कुणाला दिसत नाही. गर्दीत एखादं राणी कलरचं लुगडं असेल तर मात्र तेही हलेल, बघून घ्या.

प्लगइन फोटोशॉपमधून वापरणार असाल तर लेयरला आधी स्मार्ट ऑब्जेक्ट करा, म्हणजे परत उघडून ठिपके बदलता येतात. नुसतं लावून सेव्ह केलंत की दुसऱ्या दिवशी चूक दिसल्यावर पहिल्यापासून सगळं.

आणि एक अनुभवाचं, नाव घेत नाही. मी एक ब्लॅक अँड व्हाइटचं प्लगइन हौसेने घेतलं होतं, काही वर्षांनी कंपनीने ते बंदच केलं, नवीन मशीनवर चालेना, आणि त्यात केलेली सेटिंग्ज दुसऱ्या कशात उघडत नाहीत. फोटो राहिले, पण ते कसे केले होते ते गेलं. तेव्हापासून प्लगइनमधून आलेली टिफ आणि मूळ रॉ दोन्ही ठेवतो, आणि कुठला स्लायडर कुठे होता ते वहीत लिहून ठेवतो. तुम्हीपण ठेवा.

पायवाट:
मंडळी, चार दिवस गायब होते कारण हेच करत होते. आता सांगते काय काय झालं.

दिवे घाटाचा फोटो तीन प्रकारे केला. आधी लाइटरूममधे कलर रेंज मास्क. पताका लगेच धरली गेली पण आजोबांचा कान आणि मानेचा भाग बरोबर आला, तो ब्रशने वजा केला. पताका उजळली, ढग मागे राहिला. ढगाला वरून एक ग्रॅडियंट टाकून थोडा काळा केला. एकूण वीस मिनिटं. मग सिल्व्हर इफेक्सची ट्रायल, तिथे तीन ठिपक्यांत काम झालं, पाचेक मिनिटं लागली असतील. पण मी प्रिंटच्या साइजला दोन्ही शेजारी ठेवून बघितले तर खरं सांगते फार फरक दिसला नाही मला. फरक पडला तो रिंगणाच्या फोटोत. तिथे पताकाच पताका, मधे फेटे, विणेकरी, सगळं एकात एक, लाइटरूमचा मास्क निम्मे चेहरे उचलत होता आणि वजा करता करता माझा संयम संपला. सिल्व्हर इफेक्समधे नऊ ठिपके लागले पण जमलं. डार्कटेबलपण टाकलं, मास्कची कल्पना भन्नाट आहे, पण मला अजून त्याचा इंटरफेस कळत नाहीये, ते पुढच्या वर्षीच्या वारीच्या फोटोंवर शांतपणे शिकणार.

म्हणून आता १२ पैकी ८ लाइटरूममधेच करतेय आणि ४ गर्दीचे ट्रायलमधे. विकत घ्यायचं की नाही ते ट्रायल संपताना ठरवीन, पण आता निदान मला कळलंय की मी कशासाठी पैसे देतेय.

आणि मावशी! रेड खाली नेला, ऑरेंज जरासा वर, आणि कुंकू आलं. कपाळावर बरोबर मधोमध, काळं, गोल. मी आईला हाक मारून दाखवलं. ती काही बोलली नाही, स्क्रीनवर नुसता हात ठेवला. काका, तुमचे कसे आभार मानू कळत नाही. रापलेल्या चेहऱ्यांचं वाचून मग तीन फोटोंमधले चेहरे परत खाली आणले, मी नकळत सगळ्यांना उजळ करत सुटले होते.

आता ग्रेनचं, म्हणजे फिल्मवरच्या बारीक दाण्यांचं विचारते. सिल्व्हर इफेक्समधे फिल्मचा ग्रेन टाकला तो स्क्रीनवर सुंदर दिसतो, प्रिंटमधे येईल ना तसाच?

करडी_छटा:
नाही येणार, आणि बरं झालं आधी विचारलंस.

ग्रेन सगळ्यात शेवटी टाकायचा, प्रिंटच्या साइजला आणल्यावर. १२ बाय १८ ला ३०० डीपीआयने (इंचाला ३०० ठिपके) ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात. तुझी २४ मेगापिक्सेलची फाइल साधारण ४००० बाय ६००० असेल, म्हणजे थोडी लहानच होणार. ग्रेन आधी टाकून मग लहान केलास तर तो मऊ पडतो, लॅबवाल्याने परत शार्पन केलं तर वाळूसारखा खरखरीत होतो. म्हणून आधी लहान कर, मग ग्रेन, आणि लॅबला स्पष्ट सांग की साइज बदलू नका, शार्पन करू नका, ऑटो करेक्शन बंद ठेवा. हे शेवटचं विशेषतः. एका लॅबने माझे फोटो आपणहून 'सुधारून' दिले होते, काळे सगळे करडे करून.

दुसरं, साध्या लॅबमधे ब्लॅक अँड व्हाइट फोटोही रंगीत कागदावरच छापतात, त्यामुळे कधी हिरवट कधी गुलाबी झाक येते. एकटा फोटो बघताना कळत नाही, १२ शेजारी लावले आणि त्यातले चार वेगळ्या दिवशी छापलेले असले की लगेच डोळ्यात येतं. सगळे एकाच दिवशी, एकाच मशीनवर, एकाच कागदावर छापून घे. त्याआधी एका १२ बाय १८ वर सहा फोटोंचे तुकडे लावून एक टेस्ट प्रिंट काढ, त्यात आजोबांचा चेहरा, मावशींचं कपाळ आणि सगळ्यात पांढरं धोतर हे असू दे. आणि ती टेस्ट घरी नको बघूस, वाचनालयात जाऊन त्या भिंतीवर धरून बघ, तिथे ट्यूबलाइट आहे की पिवळा दिवा त्यावर बरंच ठरतं.

पायवाट:
ट्यूबलाइट आहे, आणि दुपारी खिडकीतून ऊन येतं त्या भिंतीवर. वाचनालयाच्या काकांशी आत्ताच बोलले, गुरुवारी दुपारी आणि परत संध्याकाळी असं दोनदा बघायला येऊ देतो म्हणाले. टेस्ट उद्या टाकते. काळे किती आले ते इथे येऊन सांगते.